पाडलेल्या पुलावरून

तन्वीर मुलाणीने स्क्रीन माझ्याकडे वळवली,
"मॅडम, हा पुन्हा तेच फंक्शन सुचवतोय."
तेच. जे आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं,
व्हर्जन चारच्या दिवशी, केक कापून.

आणि सांगण्यात केवढा ठामपणा!
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
मला औंधच्या रिक्षा स्टँडवरचे गृहस्थ आठवले,
चष्मा पुसत पत्ता सांगणारे:
"सरळ जा, विद्यापीठ चौकातल्या पुलावर चढा,
उतरलात की डावीकडे."
पूल पाडून तेव्हा सहा महिने झाले होते.
खोटं बोलत नव्हते ते.
त्यांच्या डोक्यात पूल उभा होता,
वर गाड्याही चालू होत्या.
मी मात्र खाली धुळीत, हेल्मेटची काच वर करून
जो नाही तो पूल शोधत.

याचंही तसंच. शिकला तेव्हा शिकला.
कुठल्याशा एका तारखेला दप्तर मिटलं
आणि त्यानंतर आम्ही जे जे बदललं
ते याच्या कानावर कुणी घातलंच नाही.
न सांगता कळायला
हा काय आमच्या शेजारी राहतो?

मग ठरलं: याला आपली पानं वाचू द्यायची.
आजची. आठवणीतून बोलायचं नाही,
आधी पान उघडायचं, मग तोंड.
तन्वीरने दुपारभर खपून जोडणी केली,
बालेवाडीकडची खिडकी तांबडी झाली तेव्हा म्हणाला,
"विचारा काहीही."

ही पानं मी बावीस वर्षं लिहिते.
ऑफिसात मला डॉक्स-मावशी म्हणतात,
तोंडावर नाही, पण पार्टिशन पातळ आहे.
बावीस वर्षांत माझं पान शेवटपर्यंत वाचलेला माणूस
मी पाहिलेला नाही.
मुलं पहिला नमुना उचलतात आणि पळतात.
तळटीप, इशारा, "हे वापरण्यापूर्वी",
तिथे फक्त मी जाते,
अमेरिकेला गेलेल्या शेजाऱ्यांच्या कुंड्यांना
पाणी घालायला जावं तशी.

आणि हा वाचत होता.
सगळं. तळटीपसुद्धा.
तन्वीरने विचारलं, मोठी फाईल मध्येच का तुटते?
त्याने माझं पान उघडलं, माझंच वाक्य पुढे केलं:
"प्रतीक्षेची मर्यादा साठ सेकंद."
तुमची फाईल चाळिसात जाते,
तेव्हा दोष दुसरीकडे शोधा.
खाली पानाचं नाव, परिच्छेदाचा क्रमांक, अदबीने.

पोटात खड्डा पडला.
मर्यादा तीस झाली होती. मागच्या मार्चमध्ये.
मला निरोप आला होता. मी उद्या म्हटलं,
मग आईचा मोतीबिंदू, मग ऑडिट,
मग वाचतंय कोण, म्हणून राहिलं.

"बघा," तन्वीर हसला, "अजून थापा मारतोच."
गप्प बसले असते तर खपलं असतं.
चहावर साय धरली होती.
"थाप नाही रे. तो माझा पूल आहे.
पाडला, पण पाटी मी काढली नाही."
त्याला कळलं नाही. तो इंदापूरचा,
पूल गेल्यावर आलेला.

साठ खोडून तीस केलं.
पुन्हा विचारलं. तो तीस म्हणाला.
आभार नाहीत, टोमणा नाही,
जणू कालही तीसच म्हणत होता.

मी पर्स उचलली, मग खाली ठेवली.
एकूण पानं तीनशे चाळीस.
साडेनऊपर्यंत अकरा झाली,
त्यातल्या चारांत मी मला सापडले.
माणूस हलला नाही की आमचे दिवे विझतात,
म्हणून दर थोड्या वेळाने
रिकाम्या मजल्यावर मी हात हलवत होते,
रस्ता विचारणाऱ्याला थांबवावं तसा.