लाल साय

पहिल्यांदा दिसलं ते गयाबाईला.
"सर, तुमच्या समुद्राला काय झालंय?
खाली लाल लाल व्हायलंय."
मी रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होतो.
म्हटलं, शेवाळ असेल.
"शेवाळ रात्रीतून कुठं जातंय व्हय?
सकाळी झाडायला येते तवा वाळू पांढरी,
दुपारी डबा खाते तवा पुन्हा गालिचा."

परभणीत, स्टेशन रोडला,
तोष्णीवाल पॅथॉलॉजीच्या बाकड्यांसमोर
दोनशे लिटर समुद्र आहे.
खरा इथून पाचशे किलोमीटर.
हा पोत्यातून येतो, मीठ होऊन,
मी बादलीत कालवतो.
दोन क्लाउनफिश, पाच गोगलगायी,
एक हातोडा नावाचं प्रवाळ, त्याला हिरवी बोटं.
उपाशीपोटी आलेली माणसं बघत बसतात,
सुई तेवढा वेळ विसरतात.

ड्रॉपरनं ओढून काचेवर घेतलं.
चाळीसच्या भिंगाखाली
सोनेरी होड्या नव्हत्या, म्हणजे डायटम नाही.
गरगरत पोहणारं काही नव्हतं,
म्हणजे ज्याची भीती होती तेही नाही.
नुसते धागे.
लालसर, एकमेकांत गुंतलेले,
सरकतायत की नाही कळू नये इतके सावकाश.
केंद्रक कुठंच नाही.
सायनो.
रोज पेशी मोजणारा मी,
यांच्यापुढं बालाघाटचे डोंगरसुद्धा कालचे.
सायीखाली अडकलेले बुडबुडे प्राणवायूचे.
एके काळी अख्ख्या आभाळात यांनीच तो भरला,
हे मी बी.एस्सी.ला दोन मार्कांसाठी लिहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "एरिथ्रोमायसिन टाक, दोन दिवसांत साफ."
पट्टी ड्रॉवरमध्येच होती. हातात घेतली.
पण मी रोज प्लेटा बघतो,
औषधाच्या चकतीभोवतीचं रिकामं वर्तुळ
वर्षागणिक आकसत चाललेलं.
शिवाय दगडात राहणारे कामाचे जंतू,
त्यांनी काय केलं होतं?
पट्टी परत ठेवली.

फॉस्फेटची चाचणी शाईसारखी निळी आली.
कबूल करतो.
एप्रिलपासून टाकीत बोअरचं पाणी घालत होतो.
उन्हात रोज चार लिटर समुद्र उडून जातो, मीठ मागं ठेवून.
आरओचं मशीन एक बादली देतं
आणि तीन बादल्या नाल्यात सोडतं,
गल्लीत नळ येतो बाराव्या दिवशी.
नाल्याकडं जाणाऱ्या त्या पाण्याचा आवाज
मला ऐकवत नव्हता.
दया म्हणा, लाज म्हणा,
तीच वाळूवर लाल होऊन बसली होती.

मग नळी लावून साय ओढली.
दुधावरची निघते तशीच निघते, अख्खी.
एकदा तोंडात आली, खारट, मातकट.
माशांचं खाणं अर्धं केलं.
पाणी जिथं झोपून राहायचं
त्या कोपऱ्याकडं पंपाचं तोंड वळवलं.
आणि तीन दिवस अंधार.
गयाबाईनं घरून काळं घोंगडं आणलं.
बाकड्यावरून विचारायचे, "कोण गेलं?"
"कुणी न्हाई. डोळ्याचं आपरेशन झालंय,
उजेड नको म्हणलंय."

आरओच्या मागच्या नळीखाली आता ड्रम आहे.
त्यावर लादी पुसली जाते, संडास धुतला जातो,
दारातलं कडुलिंब तगलंय.
"आधी बोलला असतात तर," एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी घोंगडं काढलं.
वाळू पांढरी.
हातोडा रुसल्यासारखा मिटलेला,
संध्याकाळी एक बोट उघडलं त्यानं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग दुसरं.

काल पंपामागं
रुपयाएवढा लाल डाग दिसला.
मी पाहिला. गयाबाईनंही पाहिला,
फडकं पिळता पिळता.
"जात न्हाई ते," ती म्हणाली.
नाही जात.

सतरा नंबर.
बसा. मूठ आवळा.
तिकडं बघा, माशांकडं.