टंच

हुपरीत माझं काम टंच काढायचं.
चांदीच्या लगडीचा कोपरा छाटायचा,
मुशीत घालायचा, भट्टी लावायची,
उरलेला मणी काट्यावर तोलून
चिठ्ठीवर आकडा लिहायचा : ब्याण्णव. साठ. एकोणचाळीस.
माणूस आकडा वाचतो, माझ्याकडे बघत नाही.
छाटलेला कोपरा कुणी परत मागत नाही.

सीपीआरच्या मागच्या खोलीत
सत्त्वशीला सिस्टर दंडाला रबर बांधायची,
मी म्हणायचो, कोपरा जपून छाटा.
तिला कळायचं नाही. हसायची मात्र.

औषधाला नाव नव्हतं, नंबर होता.
बर्फाच्या डब्यातून यायचं.
डॉक्टर म्हणाले, रक्तातले शिपाई वाढवतं,
गुण येतो का तेच बघायचंय.
गोळ्या सगळ्यांना, सुई निम्म्यांनाच,
कुणाला ते आम्हीही ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो.
सात पानांचा कागद, मराठीत.
सही : जिनपाल भूपाल चौगुले.

शालन रेंदाळची. घरी पैंजणांना घुंगरू जोडायची.
गाडीत ओळख दाखवायची नाही, न बोलता ठरलेलं.
दसरा चौकात उतरलो की ती पुढं,
मी वीस पावलं मागं.
बाकावर मात्र एकाच पुडीतला भडंग.

तिला सुई आली. मला नाही.
सुईनंतर पाच दिवस ताप,
अंग बत्त्यानं ठेचल्यागत.
चादर गुंडाळून बसायची, दात वाजायचे,
आणि मी, हे कुणाला सांगितलेलं नाही,
त्या तापावर जळायचो.

तिचा आकडा चढला.
दोनशे दहा. तीनशे नव्वद. सहाशे.
पोरगं दहावी पास झाल्यागत सांगितलं तिनं
आणि परतीच्या गाडीत, पहिल्यांदाच,
माझ्या शेजारी येऊन बसली.
‘बगितलं कुनी तर बगू दे की.’
माझा दोनशे चाळीस.
मी म्हटलं, रेटून आहे.

भाद्रपदात खोकला धरला तिला.
गेली तेव्हा कागदावर सहाशे बारा होते.
मी मातीला गेलो नाही.
कुठल्या नात्यानं जाणार?

चार वर्षांनी उरलेल्यांना बोलावलं.
चहा, आणि दोन-दोन बिस्किटं.
सुईनं आकडा वाढला, डॉक्टर म्हणाले,
जिथं जिथं टोचली तिथं वाढला.
दुखणी कमी झाली नाहीत.
माणसं तेवढीच गेली.
मागून कुणीतरी विचारलं, मग उपयोग काय झाला?
ते चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, आता ही कुणाला टोचणार नाही.

मुलामा मला माहीत आहे.
वरून घासलं तर नव्वद, आत तांबं.
पण तो लबाडीनं चढवतात.
इथं लबाड कोण होतं?
सुई खरी, ताप खरा, आकडाही खरा.
सगळं उलटंपालटं करून बघितलं,
खोटं असं काही सापडेना.

परवा जुन्या पैंजणांची जोडी आली, मोडीत.
घुंगरू एकही निसटला नव्हता.
डाग इतके बारीक की नखाला लागेनात.
कात्री हातात घेतली, ठेवली.
म्हटलं, ह्यांचा आकडा राहू दे.

गिऱ्हाईक म्हणालं,
मग भाव कसा लावायचा?