पंचविसावी

हडर्सफील्ड कौन्सिल, तिसरा मजला.
भाजीच्या वाफ्यांसाठी थांबलेल्यांची यादी
सगळी एकाच पानावर उघडायची,
दोन हजार एकशे सत्तर नावं.
तोवर कपातली चहाची पिशवी काळी पडायची.

मला म्हणाले, पानं पाड.
काम एका ओळीचं. पंचवीस नावांना एक पान,
खाली आकडे, मागे, पुढे,
आणि शेवटच्या पानावर ‘पुढे’ मालवलेलं.
साडेतीनला संपलं. बाहेर अंधारून आलेलं,
मफलर सापडेना म्हणून तशीच घरी गेले.

मंगळवारी फोन. एनिड थॅकरे, वय एक्क्याऐंशी.
“पोरी, मी पंचविसावी होते.
आता पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावरही नाही.
मेले असते तर कुणीतरी कळवलं असतं ना मला?”

मी यादी उघडली.
पहिल्या पानाच्या तळाशी क्लाइव्ह बूथरॉइड.
दुसऱ्या पानाच्या माथ्यावर क्लाइव्ह बूथरॉइड.
गडी दोनदा, बाई एकदाही नाही.
पुन्हा उघडली, तर दोघंही आपापल्या जागी,
जसं काही झालंच नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते इथे:
दोघांचे अर्ज एकाच तारखेचे,
सहा वर्षांपूर्वीचा मार्चमधला कुठलासा सोमवार,
आणि मी क्रम लावलेला नुसत्या तारखेवर.
डेटाबेसला कुणाचं सोयरसुतक नाही,
तो कधी हिला पुढे करी, कधी त्याला,
आणि मी पाडलेल्या दोन पानांच्या फटीत
बाई पडली होती.

एक शब्द वाढवला. आधी तारीख, मग अर्ज क्रमांक.
तिचा चव्वेचाळीसशे अकरा. त्याचा बारा.

“तुम्ही पहिल्या पानावर आहात, सगळ्यांत खाली.”
“पक्कं?”
“आता पक्कं.”
पलीकडे किटली ओरडायला लागली, तिनं ओरडू दिली.
“क्लाइव्हला बोलू नकोस हं. शेजारीच असतो.
एकाच बसनं गेलो होतो अर्ज द्यायला.
पाऊस होता. दार त्यानं धरलं माझ्यासाठी,
म्हणाला, आधी तुम्ही.”

बदल नोंदवताना कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: तारीख सारखी असल्यास अर्ज क्रमांक.
मग कर्सर बराच वेळ
त्या ओळीपुढे लुकलुकत राहिला.