दातखीळ

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.
कुतैसीच्या दवाखान्यात, तळघरात,
मी मेणाचे दात कोरतो, प्लास्टरचे जबडे ओततो,
आणि संध्याकाळी सहाला हातांची पांढरी पूड झटकून
एकोणीस नंबरच्या मिनीबसमध्ये बसतो.

तिला घंटी नाही, दोरी नाही.
उतरायचं तर मोठ्यानं म्हणावं लागतं: गामिचेरेत.
माझ्यासाठी थांबवा.
एवढंच. एक शब्द.
मी तो औषधाच्या दुकानापासूनच जिभेवर घोळवायला घेतो,
आवाज किती, सूर कसा,
आधी खाकरावं की नको.
मग थांबा येतो,
आणि दातखीळ बसते.

कधी शाळेतल्या बाई तिथेच उतरतात.
त्यांच्या शब्दावर मीही उतरतो, उधारीवर.
एरवी शेवटच्या चौकापर्यंत जातो, जिथे सगळेच उतरतात,
आणि दोन किलोमीटर उलटा चालत येतो.
आईला सांगतो, पाय मोकळे करून आलो.
पावसात सुद्धा? ती विचारते.
पावसात सुद्धा.

कसली भीती, विचाराल.
मारत कुणी नाही.
फक्त सोळा माना वळतील.
माझा आवाज मध्येच फाटेल
आणि पडलेला तुकडा उचलायला
सगळ्यांदेखत मलाच वाकावं लागेल.

त्या दिवशी शेजारी एक बाई होत्या.
मांडीवर आक्रोडांची पिशवी, तोंडावर हात.
हात जरा हलला आणि मी ओळखलं.
बाईंना नाही, दातांना.
वरचा डावा सुळा किंचित वाकडा,
लग्नाच्या फोटोत होता तसाच हवा म्हणून मागून घेतलेला.
जबड्यावर पेन्सिलीनं नाव होतं: नाझिब्रोला.

त्यांनी मला कोपरानं ढोसलं.
"पोरा, पुलापाशी थांबव म्हण त्याला.
दात नवे आहेत, शिट्टी वाजते.
बोलले की सगळी गाडी बघते माझ्याकडे."

मी गाडी पाहिली.
एक जण झोपलेला, तोंड उघडं, मागची एक दाढ गेलेली.
दोन मुली, दोघींत मिळून एक इअरफोन.
ड्रायव्हर जुम्बेर फोनवर
टोमॅटोच्या भावावरून कुणाशी तरी भांडतोय.
त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.
कुणीच नाही.
म्हणजे मग माझ्याकडेही इतकी वर्षं...
विचार पुरा व्हायच्या आत पूल आला.

गामि, म्हणालो. उरलेलं घशात.
जुम्बेर टोमॅटोतच.
पुन्हा. गामिचेरेत!
फाटला आवाज. बरोबर मधोमध, भ्यायलो होतो तसाच.
गाडी थांबली.
झोपलेल्यानं कूस बदलली.
एक मान वळली, ती बाहेरच्या कुत्र्याकडे.

बाईंनी उतरताना माझ्या मुठीत चार आक्रोड कोंबले.
"छान ओरडतोस," शिट्टीसकट म्हणाल्या.
खरं तर सांगायला हवं होतं,
रोज थोडं मोठ्यानं वाचा, महिनाभरात शिट्टी जाईल,
हे दात मीच केलेत.
नाही सांगितलं. एका दिवसात तेवढं जमत नाही.

आणि तो एक शब्द कानांत असा घुमत राहिला
की माझाच थांबा मागे गेला.
चाललो दोन किलोमीटर. आक्रोड खिशात खडखडत होते.

तेव्हा जिंकलो वगैरे काही नाही.
गेल्या महिन्यात अकरा वेळा म्हणालो, नऊ वेळा नाही.
हिशेब एका बाद जबड्यावर लिहून ठेवलाय.
अजूनही औषधाच्या दुकानापाशी तळहात ओले होतात.

कालचा दिवस मात्र कुठल्या बाजूला मांडावा कळेना.
मी तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच
मागून कुणी तरी बारीक आवाजात तोच शब्द म्हणालं.
वळून पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा,
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.
मला ती लाली ठाऊक आहे.
मी झटकन मान फिरवली,
आधी उतरलो
आणि काही न बोलता दार धरून उभा राहिलो.