अळणी

शाहीर, डफ जरा खाली ठेवा.
पोवाडा रचताय म्हणता, मालवणच्या झुंजीचा,
आणि त्यात एक कडवं माझं:
'मीठवाला लुमाजी, करवीरचा नजरबाज.'
बसतंय खरं चालीत.

सांगतो. लिहून मात्र घेऊ नका.

सहा बैल होते. फोंड्याचा घाट चढताना
पुढच्या मोऱ्याच्या गळ्यात घुंगरू नसायचं.
खाली वेंगुर्ल्याला, टोपीकरांच्या बंदरात
मी मीठ भरायचो आणि गलबतं मोजायचो.
आकडा कागदावर नाही, जिभेवर नाही;
गोणीच्या तोंडाला सुंभ, सुंभाला गाठी.
एक गाठ, एक गलबत.
जकातदार गाठी सोडायचा,
कोपरापर्यंत हात घालून मीठ चाचपायचा
आणि पुन्हा बांधायला मलाच सांगायचा.

त्या खेपेला चार होती.

चौथ्याच्या डोलकाठीवर एक पोर चढलं होतं,
दोरात डावा पाय अडकवून, दोन्ही हात मोकळे सोडून.
माझा निंबा चिंचेवर असाच चढायचा.
तीन वर्षं झाली होती त्याला घर सोडून.
कुणी म्हणे लमाणांच्या तांड्यात आहे, कुणी म्हणे जहाजावर.
हाक मारली असती तर कळलं असतं.
हेराला हाक मारता येत नाही, शाहीर.
मी मान खाली घालून मीठ भरत राहिलो.

वाटेत पाच मुक्काम. रोज रात्री
सुंभ हातात घ्यायचो. तीन गाठी,
आणि पुढे चार बोटं मोकळा.
दाजीपूरच्या रानात गवे पाण्यावर आले
तेव्हाही मी जागाच.
करवीरात शिरलो तर दिवेलागण झालेली.
कारकुनाने गोणी ओढली, अंगठ्याने गाठी चाचपल्या.
"तीनच?"
"तीन."
त्याने जांभई दिली. स्वार त्याच रात्री सुटला.

मला वाटलं, तीन म्हटलं की तोफा तिघांवरच लागतील,
चौथं आपलं वाऱ्याबरोबर निघून जाईल.
घाटावरच्या माणसाची अक्कल.

पुढचं तुम्हाला माझ्याहून ठाऊक.
धाकू तांडेलाची गुराब तिघांना अंगावर घेऊन
खडकांकडे ओढत नेत होती. जिंकतच आला होता तो.
मग पाठीमागून चौथं आलं.
शीड पेटलं तरी सुकाणू सोडलं नाही म्हणतात,
हात बांधून घेतले होते सुकाणूला, सुंभाने.
आणि जळती गुराब तशीच चौथ्यावर घातली.
दोन्ही बुडाली. वर कुणी आलं नाही.
सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात.
त्याने किती गाठी मारल्या होत्या
एवढं एक मला कुणी सांगितलेलं नाही.

मला शेला मिळाला. पंचगंगेकाठी चार बिघे जमीन.
बातमी खरी ठरली, चौथं गलबत दैवाचं, असं दफ्तरात लागलंय.
ते पोर निंबा होतं की आणखी कुणाचं,
आजही छातीठोक सांगता येत नाही.
भागाला मी त्या पोराबद्दल बोललोच नाही.
ती अजून उंबऱ्याशी तांब्या भरून ठेवते.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे तुमच्या पोवाड्यात असेलच.
या गावाचं मीठ तीस वर्षं माझ्या बैलांनी वाहिलं,
वाड्याच्या मुदपाकात, तालमीतल्या पोरांच्या भाकरीत.
कुणाच्या मिठाला जागायचं
ते निदान मला तरी कळायला हवं होतं.

तेव्हापासून अळणी खातो. लोकांना व्रत वाटतं.
संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसतो.
वारा सुटला की तिथेही लाटा येतात;
बोट बुडवून चाखतो.
गोडं पाणी. मग घरी येतो.

कडवं धाकूला द्या. त्याला मूलबाळ नव्हतं,
नाव घेणारं कुणी नको का?
आणि माझ्या नावाशी आलात की
डफावर नुसती थाप मारून पुढे जा.

उठता कुठे, जेवून जा.
भागाने खर्डा वाटलाय.
घरात मीठ असतं, पाहुण्यांपुरतं.