उतार

दारूखान्यात जहाजं मोडायची,
तिथून आला साग, खारं पाणी प्यालेला.
मनोरीचा इनास मेस्त्री, जन्मभर होड्या बांधलेला.
साहेबाचा नकाशा त्यानं गुंडाळून
बाकाखाली सारला
आणि दोन खिळ्यांना दोरी सैल बांधली.
"हा पडला झोल. हाच उतार."

पहिली टेकडी सगळ्यांत उंच.
पुढची तिच्याहून ठेंगणी, तिसरी त्याहून,
कारण साखळी एकदाच वर नेते,
मग पोटात असेल तेवढ्यावर निभवायचं.

सकाळी सहाला माझे वडील रुळावर चढत.
खिशात पाना, हातात हातोडी.
बोल्टाला टिचकी मारून ऐकत:
टण्ण बोलला तर पुढे,
बद्द बोलला तर तिथंच बसकण.
साडेतीन हजार बोल्ट,
एकेकाचा गळा ठाऊक.

वळणावर अख्खा सांगाडा वीतभर हलायचा.
खाली रांगेतली माणसं विचारत, हे असंच असतं?
इनास म्हणे, "हलू दे.
ज्या दिवशी हलायचं थांबेल
त्या दिवशी तिकीट काढू नका."
स्वतः एकदाही बसला नाही.
"होडीत बसतो की रोज."

मग जागा गेली, गोदाम आलं.
लाकूड वखारीत वजनावर विकलं.
वडिलांनी एक फळी आणली, वळणावरची,
ओट्यावर ठोकली,
पाणसळ लावून, तीनदा.

तरी मिठाची बरणी
सकाळी बघावी तर
बोटभर सरकलेली,
बंदराच्या बाजूला.