कडी

आधी ऐकलं ते मार्युनने.
फरशी पुसताना ती म्हणाली,
"शुक्रवारपासून तुमच्या पेटीला धाप लागलीय."

क्लाक्सविकच्या बंदरावर, जुन्या बर्फखान्यात
तो सर्व्हर असतो: लिलावातले माशांचे भाव
आणि कालसोयला जाणाऱ्या बोटीच्या वेळा सांगणारा.
रान्वा म्हणाली, धूळ असेल.
तिने पंखा पुसला. धाप तशीच.

रात्री ती एकटी बसली.
प्रोसेसची यादी मागितली; यादी साळसूद आली.
कुणीच काही करत नव्हतं
आणि पंखा मात्र ऊर फुटेस्तोवर धावत होता.
तेव्हा तिच्या पाठीत काहीतरी थंड सरकलं:
ज्या डोळ्यांनी ती बघत होती
तेच डोळे कुणीतरी बदलून ठेवले होते.

हात प्लगकडे गेला.
मागे घेतला.
वीज तोडली की मेमरीतलं सगळं
काचेवरच्या श्वासासारखं उडून जातं.
तिने फक्त नेटवर्कची केबल उपसली,
जागती मेमरी बाहेरच्या डिस्कवर उतरवली,
मग यंत्र बंद करून अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली
आणि चेकसमचे आकडे
हॅडॉकच्या एका पावतीमागे पेनाने लिहिले,
कारण आता तिला कुठल्याच फाइलवर भरवसा नव्हता.

पुढे सगळं पेनड्राइव्हवरच्या स्वच्छ लिनक्समधून.
सोवळ्यातल्या बाईने परक्या स्वयंपाकघरात
घरूनच आणलेली भांडी काढावीत, तसं.

लॉगमध्ये दोन एक्केचाळीसनंतर
एकदम तीन सव्वीस.
मध्ये कोरं.
एवढी शांतता या यंत्राला ठाऊकच नाही.
दर मिनिटाला जगाच्या कुठल्यातरी टोकाकडून
कुणीतरी पासवर्ड चुकवतं, दार खडखडवतं, निघून जातं.
पंचेचाळीस मिनिटं कुणीच नाही?
त्याने स्वतःची पावलं पुसली,
आणि त्याच फडक्याने सगळ्या गावाची.

रूटच्या घरात तीन किल्ल्या.
एक तिची.
एक हाल्गिरची, जो दोन वर्षांपूर्वी कोपनहेगनला गेला
आणि अजून नाताळला एक ओळ लिहितो.
तिसरीच्या शेवटी नुसतं "बॅकअप".
बॅकअप इथे कुणीच घेत नव्हतं. हीच तर रडकथा.

फाइलींच्या तारखा त्याने
पार चार वर्षं मागे नेल्या होत्या.
पण आयनोडच्या वहीत खरी वेळ होती,
तिथवर त्याचा हात गेला नव्हता,
किंवा त्याला कंटाळा आला असेल.
चोरसुद्धा पहाटे तीनला पेंगत असेल.

मग आत शिरायची वाट सापडली:
फोटो चढवायच्या फॉर्ममधलं भोक.
त्याबद्दलची सूचना तिच्या इनबॉक्सात
अकरा महिने पडून होती, चांदणी लावून, उद्यासाठी.
तिने भोक बघायला कोड उघडला.
भोक नव्हतं.
चार ओळींनी नेटकं बुजवलेलं,
समासही तिच्याच पद्धतीचे.

आत आलेल्याने आतून कडी लावली होती.
मागून दुसरं कुणी येऊ नये म्हणून.
त्याची नाणी निवांत कुटली जावीत म्हणून.
दुसरं काही नाही.
तरी रान्वा त्या चार ओळींसमोर
बराच वेळ बसून राहिली, कान गरम,
जसं पाहुण्याने न बोलता
आपलं मोरीतलं भांडं घासून ठेवावं.

साडेसहाला त्रोंदुर आला, ओल्या बुटांनी.
"कोण होता?"
"माहीत नाही."
"काय नेलं?"
"वीज. थोडी."
"मग एवढं काय?"
तिने उत्तर दिलं नाही. बोटीच्या वेळा
तेवढ्यापुरत्या खडूने पाटीवर लिहून
पाटी दाराला टांगायला त्याच्या हातात दिली.

डिस्क कोरी केली. सगळं नव्याने उभं केलं,
अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या सूचनेपासून सुरुवात करून.
मार्युन आली, बादली ठेवून क्षणभर थांबली,
मान हलवली.

शेवटी किल्ल्यांची फाइल.
तिने आपली किल्ली नवी घडवली, लिहिली.
हाल्गिरची लिहिली नाही.
त्याने काहीच केलं नव्हतं.